दुरुस्त केलेला निरोप

“अर्थाकडे बघू नकोस. अर्थ फसवतो. नुसत्या अक्षराकडे बघ.”

छापखान्यात पहिल्याच दिवशी रीडरकाकांनी ताईला हे सांगितलं होतं. रीडरकाका म्हणजे तिथले जुने मुद्रितशोधक. जाड भिंगांचा चष्मा, कानावर पेन्सिल आणि आवाज इतका बारीक, की यंत्र चालू असलं म्हणजे त्यांच्या ओठांवरूनच काय ते समजून घ्यायचं. ते म्हणायचे, मजकूर वाचायला लागलीस की तो तुला हाताला धरून पुढे नेतो आणि चूक मागे बसून हसत राहते. म्हणून वाक्याच्या शेवटाकडून सुरुवातीकडे यावं. एकेक शब्द सुटा करून घ्यावा, धान्यातला खडा बघावा तसा. लग्नाची पत्रिका असो की कुणी गेल्याची बातमी, आपल्याला काय त्याचं? आपण काना, मात्रा, वेलांटी बघायची आणि पान पुढे सरकवायचं.

ताईनं तो उपदेश असा काही अंगी मुरवला, की काका देवाघरी गेल्यावर त्यांची खुर्ची आपसूक तिच्याकडे आली. शोकसंदेश तपासताना तिच्या डोळ्यात कधी पाणी आलं नाही आणि विनोदी अंकाच्या वेळी तिच्या ओठांची घडी मोडली नाही. मालक आल्यागेल्याला सांगायचे, “आमच्या ताईंच्या नजरेखालून गेलेलं पान म्हणजे धुऊन वाळत घातलेलं कापड. डाग शोधून दाखवा.”

ताई तशी नेमधर्माची. एकटी राहायची, पण घर कसं भरल्यासारखं. पहाटे अंघोळ, देवापुढे दिवा, आणि दिवा शांत होईपर्यंत मौन. त्या वेळात दारावर कुणी आलं तरी ती नुसती मान हलवायची. दूध टाकणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. तो बिचारा तिच्या दारात पाऊल न वाजवता यायचा. फोन आल्यापासून मात्र त्या मौनाला एक फट पडली होती. तोंड बंद, पण अंगठा मोकळा. आणि घरच्या माणसांचे निरोप यायचे ते नेमके त्याच वेळी.

फोनवरचा घरच्यांचा तो गट दादानं काढलेला. नाव ‘आपली माणसं’. दादा, वहिनी, त्यांचा मुलगा, चार चुलत-मावस भावंडं, ताई आणि धाकटी बहीण. ताईनं पहिल्या दिवसापासून तिथे आपलं काम सुरू केलं. कुणाचाही चुकलेला निरोप दिसला, की तो सगळाच्या सगळा नीट लिहून खाली परत पाठवायची, सोबत हात जोडल्याचं चित्र. भाच्यानं तर लिहिणंच सोडलं. तो बोलून पाठवायचा, कारण आवाजाला वेलांटी नसते. वहिनी म्हणायच्या, “वन्संचं मौन सुरू झालं, की आमची लेखी परीक्षा सुरू.” सगळे हसायचे, ताईही हसायची. तिच्या मनात वाकडं काहीच नव्हतं. कुणाच्या खांद्यावर पडलेला केस आपण हळूच उचलतो ना, तशी ती चूक उचलायची. देवानं नजर दिली आहे, तर ती आपल्याच माणसांसाठी वापरायची नाही?

धाकटी गटावर फारसं लिहायची नाही. शिवणकाम करायची, आणि तेही सुरेख. पण लिहिण्याचा सराव नव्हता. आईच्या आजारपणात घरी कुणीतरी थांबायला हवं होतं. ताईची परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून धाकटी थांबली, आणि थांबली ती थांबलीच. शाळेचं दप्तर पुढे कुणी उघडलं नाही. आता तिचा नवरा अंथरुणाला होता. वीजकाम करणारा, जिन्याखालून हाक मारली तर गच्चीवरचं माणूस खाली बघायचं असा त्याचा आवाज. एक दिवस कामावरून आला आणि चपला काढता काढता कलंडला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं.

त्याला बरेच महिने झाल्यावर एका सकाळी धाकटीनं गटावर निरोप टाकला. चांगला लांबलचक.

ताईच्या देवापुढचा दिवा तेव्हा तेवत होता. तिनं निरोप उघडला, आणि शेवटच्या ओळीपासून वर यायला लागली. अरे देवा! अनुस्वार नाहीत, वेलांट्या उलट्यासुलट्या, पूर्णविराम तर जणू रुसून बसलेले. मन लावून तिनं सगळं नव्यानं लिहिलं. बोलीतले शब्दही जरा सरळ केले. पाठवलं, हात जोडले. दिवा शांत झाला तेव्हा आपण बहिणीचं काहीतरी चांगलं केलं, अशा समाधानात ती उठली.

खाली दादानं लिहिलं, “प्रूफ पास! छापायला घ्या.” त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली. वहिनींनी कोपरापासून हात जोडले. धाकटीकडून काही आलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही नाही.

ताईच्या ते लक्षातही आलं नाही. चुका दिसल्या नाहीत, की तिला सगळं आलबेल वाटायचं.

छापखान्यात अक्षरजुळणीच्या टेबलावर एक बाई बसायच्या. सगळे त्यांना ऑपरेटरच म्हणायचे. दोन मुलांची आई, हात विजेसारखा, आणि तोंड त्याहून चपळ. त्या आठवड्यात एकदा चहाच्या वेळी त्यांनी विषय काढला.

“ताई, परवा मी तुम्हाला फोनवर लिहिलं, ‘उद्या उशीर होइल.’ तुम्ही उत्तर काय दिलंत? ‘होईल.’ बस्स. मी घरात सगळ्यांना विचारतेय, ही परवानगी झाली का नुसती वेलांटी? शेवटी पोरीला तसंच शेजारी टाकून वेळेवर आले!”

“मग विचारायचं नाही का पुन्हा?”

“पुन्हा विचारताना आणखी एखादी चूक झाली असती तर?”

टेबलावरची सगळी हसली. ताईनं कप खाली ठेवला आणि आपल्या हळू आवाजात म्हणाली, “हसा खुशाल. पण समोरासमोर बोलताना माणसाला चेहरा असतो, हात असतात. फोनवर लिहिलेल्याला चेहरा कुठला? अक्षर हाच त्याचा चेहरा. तो जरा धुऊन नको का पाठवायला? लोक आता सगळंच तिथे लिहितात. तिथेच गबाळं लिहायचं ठरवलं, तर नीट लिहायचं ते कुठे?”

“पटतंय हो. पण आग लागली म्हणून कुणी ओरडत आला, तर त्याला आपण आधी तोंड धुऊन ये म्हणतो का?”

“आग लागलेला माणूस फोनवर लिहीत बसत नाही.”

“ते तुम्हाला काय ठाऊक?” ऑपरेटर म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

ताईला हा युक्तिवाद म्हणजे नुसता वादासाठी वाद वाटला. ती पुन्हा पानात शिरली.

संध्याकाळी घरी येऊन पाय धुते आहे, तोच वहिनींचा फोन.

“काय हो वन्सं, मग कोणता वार ठरला तुमचा?”

“कसला वार?”

“अहो, धाकट्या वन्संकडे जाऊन बसायचा. का अजून नाही ठरलं? मी यांना म्हटलं, आपण मध्ये पडायला नको. ताईंनी वाचलंय ना, त्या बघतील.”

“काय वाचलंय मी?”

मग वहिनी जरा चाचरत म्हणाल्या, “त्यांचा तो निरोप. तुम्ही तर शब्दन् शब्द दुरुस्त केलात. आम्हाला वाटलं, एवढं निगुतीनं वाचलंय म्हणजे तुम्ही मनावर घेतलंय. म्हणून मग कुणी काही बोललं नाही. आणि यांनी तो विनोद करून ठेवला, मग सगळं हसण्यावारीच गेलं.”

“बघते,” ताई म्हणाली. ओले पाय तसेच. फोन ठेवला आणि तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसून गट उघडला. बोटानं मागे मागे जात तो निरोप काढला. आणि पहिल्या शब्दापासून, वरून खाली, कुणीही साधा माणूस वाचतो तसा वाचला.

“सगळ्यांना नमस्कार. ह्यांची तब्बेत तशी ठिक आहे. जेवतात. बोलणं अजुन नाही. एक विचारायचं होतं. राग मानु नका. आठवडयातुन एखादी दुपार कुणी येउन ह्यांच्यापाशी बसल तर मला जरा बाहेर जाता येइल. काम काही नाही नुसत चालुन यायच आहे बरेच दिवस झाले घरातुन निघाले नाही कुणाला जमल तर सांगा नाही जमल तरी चालेल”

खाली तिचंच उत्तर. स्वच्छ, नेटकं, समासासहित म्हणावं असं. “आठवड्यातून एखादी दुपार कोणी येऊन त्यांच्यापाशी बसले, तर मला जरा बाहेर जाता येईल.” हे आपल्याच अंगठ्यानं लिहिलं. अक्षर अक्षर. आणि आपल्या कानावर त्यातलं काहीच पडलं नाही.

ती पुन्हा वर गेली. आता तिला एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली. इतकी वर्षं प्रुफं तपासून तिला एक विद्या आली होती, जिचा तिनं कधी कुणाकडे उच्चार केला नव्हता. चुकांवरून तिला माणूस ओळखू यायचा. सकाळच्या चुका वेगळ्या, उपाशीपोटीच्या वेगळ्या, आणि घरी भांडून आलेल्याच्या तर फारच वेगळ्या. त्याच नजरेनं तिनं बहिणीचा निरोप पाहिला. सुरुवातीला सगळे पूर्णविराम जागच्या जागी. ‘बोलणं’वर टिंब आहे, ‘होतं’वर आहे. म्हणजे लिहायला बसली तेव्हा जपून बसली होती. विचार करकरून. मग ‘बसल’वरचं टिंब गेलं. टिंबाला दुसरं बटण शोधावं लागतं. एक हात कशात तरी अडकला असणार. ‘काम काही नाही’च्या पुढे विराम नाही, आणि तिथून शेवटपर्यंत एकही नाही. एका दमात, मागे वळून न बघता. आपण जास्त मागतोय असं वाटलं, की माणूस असंच घाईनं बोलतो आणि शेवटी म्हणतो, नाही जमलं तरी चालेल.

आणि हे सगळं तिनं पुसून टाकलं होतं. धुऊन वाळत घातलं होतं.

देवापुढे दिवा लावायची वेळ झाली होती. तिनं लावला, हात जोडले, पण रोजचं स्तोत्र काही ओठांवर येईना.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ताई धाकटीकडे गेली. दुसरा मजला, अरुंद जिना, दार नुसतं लोटलेलं. बाहेरच्याच खोलीत रस्ता दिसेल अशी खिडकीपाशी खाट, खाटेच्या दांड्याला दोरीनं बांधलेली छोटी घंटा, आणि हाताच्या अंतरावर शिवणयंत्र. धाकटी यंत्रावर होती. ओठांत टाचण्या धरलेल्या, मांडीवर कुणाच्या तरी निळ्या झग्याची बाही. ताईला पाहून तिनं टाचण्या काढल्या.

“ये ना. बस. पाणी देऊ?”

पाहुण्याला विचारावं तसं. सख्खी बहीण ‘पाणी देऊ’ म्हणायला लागली, की समजावं, काहीतरी बिनसलं आहे. ती रागावली असती, चार शब्द लागट बोलली असती, तर ताईला बरं वाटलं असतं.

खाटेवर भावोजी उशीला टेकून बसले होते. गालफडं बसलेली, पण दाढी गुळगुळीत केलेली, केस विंचरलेले. धाकटीनं चहा आणला.

“घेणार ना?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“नाही,” भावोजी म्हणाले आणि डावा हात पुढे करून कप घेतला.

“भावोजी, ‘हो’ म्हणा,” ताई पटकन म्हणाली, अगदी मायेनं. “हो. म्हणून बघा.”

भावोजींचं तोंड मिटलं. त्यांनी कप तसाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि रस्त्याकडे बघायला लागले.

धाकटीनं बहिणीकडे एकदा पाहिलं आणि खुणेनं तिला आत बोलावलं. आत ओट्यापाशी उभं राहून ती हळू आवाजात म्हणाली, “ह्यांचं ‘नाही’ म्हणजे बहुतेक वेळा हो असतं, ताई. शब्द भलताच येतो. डोक्यात एक असतं, तोंडातून दुसरं निघतं. आपण चेहरा बघायचा.”

“मला काय ठाऊक गं!”

“ठाऊक कसं असणार? तू आज आलीस.”

इतक्या मऊपणानं ती हे म्हणाली, की ताईला ते कळायलाच जरा वेळ लागला.

“मी तुझा निरोप वाचला,” ताई म्हणाली.

“माहीत आहे. दुरुस्त केलास की.”

“तेव्हा नव्हता वाचला. काल वाचला.”

धाकटी बघतच राहिली. “म्हणजे? शब्दन् शब्द बदललास, आणि वाचला नव्हतास?”

“शब्दच बघितले. आम्हाला तसंच शिकवलंय. अर्थाकडे बघायचं नाही.”

“धन्य आहे तुझी!” धाकटीला हसावं का रडावं कळेना. तिनं ओटा उगीचच पुसला. “आणि मी इकडे काय काय समजत होते. मला वाटलं, ताईनं वाचलं, आणि तिला एवढंच म्हणायचंय की मला लिहिता येत नाही. दादानं वाचलं, आणि त्याला हसू आलं. मग कुणीच काही बोललं नाही. म्हटलं, चुकलंच आपलं. मागायलाच नको होतं.”

“फोन का नाही केलास मला?”

“कुठून करू? हे तिथे असतात, मी इथे. दोन खोल्यांचं घर. ह्यांना बोलता येत नाही, ऐकू सगळं येतं. ह्यांच्या कानावर पडेल असं कसं म्हणू, की मला जरा वेळ तुमच्यापासून लांब जायचंय?” तिचा आवाज आणखी खाली गेला. “एका हातानं ह्यांना पेज भरवत होते आणि दुसऱ्या हातानं ते लिहीत होते. ह्यांना वाटलं, गिऱ्हाइकाला कळवतेय. लिहिणं म्हणजे मला तेवढी एकच जागा होती, ताई. तिथे आवाज होत नाही.”

ताईनं ओट्याची कड धरली. शेवटी तिनं जे सुचलं ते बोलून टाकलं. “लोकांनी हसू नये तुला, म्हणून मी ते नीट करत होते गं.”

“पण हसले ते तुझं वाचून. माझं कुणी वाचलंच नाही.” आणि मग धाकटी म्हणाली, “चुकतं माझं, मला कळतं की. फलकावर नाव लिहायचं असतं, गिऱ्हाइकाला पावती द्यायची असते, तेव्हा मी तुलाच विचारते. औषधाचं नाव लिहिताना तर हात कापतो माझा. ते तू बघच, जन्मभर बघ. पण तुम्हाला लिहिताना सुद्धा मी परीक्षेला बसायचं का?”

“नको,” ताई म्हणाली. “मी येते. आठवड्यातून एक दुपार. तू चालून ये.”

धाकटीचे डोळे भरले, पण तिनं पदरानं भलतीच वाटी पुसली. दोघी बाहेर आल्या. ताईनं खुर्ची खाटेजवळ ओढली.

“भावोजी, दर गुरुवारी दुपारी मी तुमच्यापाशी येऊन बसणार आहे. हिला जरा पाय मोकळे करू दे.”

“नाही,” भावोजी म्हणाले.

ताईनं आशेनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं नवऱ्याचा चेहरा न्याहाळला आणि सुस्कारा सोडला.

“हे मात्र खरं ‘नाही’ आहे, ताई.”

“का? मी नीट बघणार नाही का त्यांचं?”

“तसं नव्हे. तुझ्यासमोर तोंड उघडायची ह्यांना लाज वाटते. डॉक्टरांसमोर येईल तसं बोलतात, खालच्या दुकानदाराला तर खिडकीतून काय काय ऐकवतात. तू आलीस की गप्प. आजारी पडायच्या आधीसुद्धा तुझ्यासमोर मोजूनमापूनच बोलायचे.” आणि अगदी सहज, टाचण्या डबीत टाकता टाकता ती म्हणाली, “आम्ही सगळेच.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती.

ताईला आठवलं, भाचा आता फक्त बोलून पाठवतो. ऑपरेटर पोरीला शेजारी टाकून वेळेवर आल्या. हे सगळं आपण आजवर विनोद म्हणून ऐकलं. ती खुर्चीत जरा पुढे सरकली.

“भावोजी,” ती म्हणाली, “मला एवढंच येतं. दिसली चूक, की हात जातो. पण तुमच्याकडे मी प्रुफं तपासायला यायची नाही. तुम्ही तोंडाला येईल ते बोला, मी चेहरा बघीन. शब्द दिला. आणि मी एकदा जरी दुरुस्त केलं, तर ती घंटा वाजवा आणि मला जिन्यावरून खाली हाकलून द्या.”

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. कारागीर नव्या पोराला पारखतो तसं. मग डावा हात उचलून ते ठणठणीत आवाजात म्हणाले, “बादली.”

खोलीत बादली नव्हती. ताईच्या जिभेच्या टोकावर ‘बादली नव्हे’ येऊन उभं राहिलं. तिनं ते गिळलं. चष्मा हवा असेल? तिनं चष्मा पुढे केला. भावोजींनी मान झटकली. वर्तमानपत्र? तेही नाही.

“बादली!” ते चिडून म्हणाले.

धाकटी सांगायला पुढे झाली. ताईनं हातानंच तिला थांबवलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. एक डोळा बारीक झाला होता, कपाळ आवळलेलं. उन्हाची तिरीप खिडकीतून थेट त्यांच्या डोळ्यावर आली होती. ताई उठली आणि तिनं पडदा ओढला.

कपाळ सैल झालं. “बादली,” भावोजी समाधानानं म्हणाले.

“अगदी,” ताई म्हणाली. “बादलीच.”

धाकटी एवढ्या जोरात हसली, की डबी हातातून घसरली आणि टाचण्या सगळ्या खोलीभर झाल्या. भावोजींच्या ओठांची चांगली बाजूही वर गेली. मग त्यांनी कट्ट्यावरचा गार झालेला चहा उचलला आणि एका घोटात संपवला. दोघी बहिणी जमिनीवर बसून टाचण्या वेचत राहिल्या, लहानपणी फुलं वेचायच्या तशा, आणि मध्येच एकमेकींकडे बघून पुन्हा हसायच्या.

“मग गुरुवार?” धाकटीनं दारात विचारलं. अजून तिचा पुरता विश्वास बसला नव्हता. “छापखान्याचं काय करशील?”

“छापखान्याचं मी बघते. तू चपला बघून ठेव. चालायच्या आहेत ना घरात?”

“शोधाव्या लागतील,” धाकटी म्हणाली.

गुरुवारी सकाळी गटावर धाकटीचा निरोप आला. “आज ताई येणार आहे मी दुपारी फिरायला जाणार कुठे ते अजुन ठरल नाही”. ताईनं तो वरून खाली वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला. चुका दिसल्याच, डोळे काही काढून ठेवता येत नाहीत. पण त्यांच्या अलीकडे तिला बहीण दिसत होती, खिडकीत उभी राहून रस्त्याची कोणती बाजू घ्यावी याचा विचार करणारी. ताईनं खाली लिहिलं, “वाचलं. जेवण झालं की येते.”

दादानं लगेच विचारलं, “काय गं, आज प्रूफ नाही?” त्याला वहिनींनीच उत्तर दिलं, “तुम्ही गप्प बसा, आणि पुढचा गुरुवार आपला असं लिहा आधी.” दादानं लिहिलंही. घाईत लिहिलं, त्यामुळे त्यात जे व्हायचं ते झालंच.

दुपारी छापखान्यात यंत्रं धडधडत होती. ताईनं डबा लवकर उरकला, लाल पेनाला टोपण लावलं आणि अर्ध्या तपासलेल्या पानांवर वजन ठेवलं.

ऑपरेटर नवी पानं घेऊन आल्या. “ताई, ही आजच जायची आहेत. आणि यात चुका रग्गड आहेत, माझ्याच आहेत, आधीच सांगते.”

“उद्या सकाळी लवकर येऊन एकही सोडणार नाही. मालकांना सांगून ठेवलंय.”

“कुठे निघालात एवढ्या उन्हाच्या?”

“बहिणीकडे. तिला चालायला जायचंय.”

ऑपरेटरनी काही विचारायला तोंड उघडलं, पण ताईच्या चेहऱ्याकडे पाहून पानं मुकाट्यानं टेबलावर ठेवली. ताईनं पिशवी खांद्याला अडकवली, पदर सारखा केला, आणि जिना उतरून रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं चालायला लागली.